मोंबासाच्या काठावरचं बी

दिघीच्या धक्क्यावर या आणि ओहोटी लागायची वाट पाहा.

मागे बंदराच्या क्रेन उभ्या आहेत. आगरदांड्याहून आलेली फेरीबोट काठाला टेकते. आधी मोटरसायकली उतरतात, मग टेम्पो, मग डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका. खाडीच्या तोंडाशी, थेट पाण्यातून वर आलेला जंजिरा दिसतो. त्याच्या उजव्या अंगाला राजपुरी गाव, आणि झाडीआड, इथून न दिसणारे, खोकरीचे घुमट. दुपारी तुम्ही नाचणीची भाकरी खाल्ली आहे आणि आमटीत चिंच होती. तो आंबटपणा जिभेवर राहू द्या. पुढे त्याचं काम पडणार आहे.

पाणी सरकू लागलं. राजपुरीची खाडी समुद्राकडे ओढ घेते आहे. तुम्हीही तिच्याबरोबर निघा. जागा सोडू नका, फक्त वर्षं सोडत चला.

आधी क्रेन जातात. मग फेरीबोटीचं इंजिन थांबतं आणि शिडं परत येतात. १९४८ मध्ये तुम्ही क्षणभरच टेकता. जंजिरा संस्थान भारतात विलीन होतं आहे; आजवर नवाबाच्या मुलखात असलेली दिघी आता कुलाबा जिल्ह्यात जाईल. समोरच्या किल्ल्यात अजून वस्ती आहे. इथल्या राज्यकर्त्यांचे पूर्वज कुठून आले हे काठावरच्या कुणालाही विचारा, आफ्रिकेतून असं उत्तर येईल. पण आफ्रिकेतून म्हणजे नेमकं कुठून? कोण कोण? आणि येताना बरोबर काय घेऊन? या प्रश्नांसाठी आपण निघालो आहोत. वाटाड्या म्हणून मात्र माणूस घेतलेला नाही, एक झाड घेतलं आहे.

गोरखचिंच, म्हणजेच बाओबाब, तुम्ही पाहिली असेल. वसईच्या किल्ल्यात आहे, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. चार-पाच माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारा करडा, गुळगुळीत बुंधा. वर त्या मानानं आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. उन्हाळ्यात एक पान नाही. जगात या कुळाच्या आठ जाती आहेत. सहा एकट्या मादागास्करच्या, एक ऑस्ट्रेलियाची आणि एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीची. आपल्याकडे पसरली ती ही शेवटची. आफ्रिकेतल्या कोरड्या, उष्ण रानांतलं हे झाड. वर्षातले अनेक महिने पाऊस नाही अशा जमिनीवर ते बुंध्यात पाणी धरून उभं राहतं. त्याला आणि कोकणच्या पावसाला एकमेकांशी काहीच देणंघेणं नव्हतं. तरीही ते आलं आणि रुजलं.

चला. ओहोटीला जोर आला आहे.

१६८२. इथे थांबा, कारण इथे थांबल्यावाचून कुणाचंच पाऊल पुढे पडत नाही. राजपुरीच्या काठावरून समुद्रात दगड पडत आहेत. संभाजीराजांची माणसं किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत सेतू घालायला निघाली आहेत. भरतीला दगड दिसेनासे होतात, ओहोटीला पुन्हा वर येतात, माणसं पुन्हा भर टाकतात. किल्ल्यातून तोफा चालतात, तो धूर वाऱ्याबरोबर तुमच्यापर्यंत, खाडीच्या या काठापर्यंत येतो. आणि मग मोगल फौज कोकणात उतरल्याची खबर येते, राजांना रायगडाकडे परतावं लागतं, सेतू अर्ध्यावर राहतो.

तुमची नजर तोफांवर खिळली आहे. साहजिक आहे. जंजिरा म्हटलं की आपल्याला लहानपणापासून वेढा, तोफ आणि अजिंक्य तट एवढंच बघायची सवय लागली आहे. आज नजर थोडी खाली आणा. तोफेत दारू ठासणारा तो माणूस बघा. तटावर पाण्याची घागर घेऊन चढणारी बाई बघा. त्यांच्या सरदारांची नावं आपल्याला माहीत आहेत. याकूतखान, खैरियतखान. खोकरीला त्यांच्या कबरींवर ती अरबी अक्षरांत कोरली जातील आणि तीनशे वर्षांनीही वाचता येतील. या दोघांची नावं मात्र कोणत्याही दगडावर जाणार नाहीत. मी तुम्हाला इतक्या लांब आणलं ते या दोघांसाठी.

पुढची शंभर वर्षं चटकन मागे टाका. १५७१ च्या सुमाराला तट चढतो आहे. निजामशाहीच्या चाकरीतला बुरहाणखान मेढेकोटाच्या जागी दगडी किल्ला उभारतो आहे. आणखी मागे गेलात की दगड नाहीसे होतात, उरतो तो लाकडी मेढ्यांचा कोट आणि त्यात राहणारे कोळी, त्यांचा प्रमुख राम पाटील. त्याहून मागे नुसता खडक आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा.

आता काठ सोडा. समुद्रावर या.

१३४२ मध्ये गुजरातच्या गंधार बंदराहून एक गलबत दक्षिणेला निघालं आहे. त्यावर मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आहे. तो लिहून ठेवणार आहे की गलबतावर पन्नास हबशी शिपाई होते, आणि या समुद्रात हबशी म्हणजे गलबताच्या सुखरूपतेची हमी. एखादा जरी गलबतावर असला तरी चाचे वाट सोडतात. जंजिऱ्याचा पहिला दगड बसायला अजून सव्वादोनशे वर्षं आहेत, आणि या किनाऱ्यावर आफ्रिकेची माणसं आधीच पहारा देत आहेत. कुणी विकत आणलेला, कुणी चाकरीला राहिलेला, कुणी विकला जाऊन पुढे सेनापती झालेला. मलिक अंबर त्यातलाच: १५४८ च्या सुमाराला अबिसिनियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, मोखा आणि बगदादच्या वाटेनं दख्खनमध्ये आलेला आणि शेवटी निजामशाही आपल्या खांद्यावर पेलणारा.

इब्न बतूताचं आणखी एक टिपण इथे सांगायला हवं. आयुष्याच्या उत्तरार्धात तो पश्चिम आफ्रिकेत मालीला गेला. त्या वाटेवर त्याला प्रचंड पोकळ खोडांची झाडं दिसली, आणि एका खोडात तर चक्क एक विणकर माग मांडून बसला होता. तेच हे झाड. सुदानच्या कोर्दोफान प्रांतात लोकांनी अशा पोकळ खोडांत पावसाचं पाणी भरून ठेवलं आणि त्यावर कोरडे महिने काढले. १५९२ मध्ये प्रॉस्पेरो अल्पिनी या इटालियन वैद्यानं कैरोच्या बाजारात पाहिलेल्या त्याच्या फळाचं वर्णन छापलं. पुढे अठराव्या शतकाच्या मध्याला मिशेल अदाँसाँ हा फ्रेंच निसर्गअभ्यासक सेनेगलला पाच वर्षं राहिला, या झाडाचा त्यानं अभ्यास केला, आणि लिनियसनं सगळं कुळच त्याच्या नावावर केलं. म्हणजे झाडालाही शेवटी नाव मिळालं ते एका साहेबाचंच.

आता नैऋत्येकडे तोंड करा. वारा तुमच्या विरुद्ध आहे. इथून वर्षं थोडी पुढे येतील. डोळे उघडाल तेव्हा पंधराव्या शतकाची अखेर असेल आणि पायाखाली मोंबासाचा काठ.

पहिल्यांदा उकाडा ओळखीचा वाटेल. खारा, चिकट, कोकणातलाच. नारळ आहेत, कांदळवन आहे, वाळूवर सुकणारी मासळी आहे. घरं मात्र प्रवाळाच्या दगडाची, चुन्यानं पांढरी केलेली, कांदळाच्या वाशांवर छत तोललेली. धक्क्यावर हस्तिदंताचे ढीग आहेत. त्याच्या बदल्यात उतरतं आहे ते कापड: खंबायतचं, आपल्या चौलचंही, आणि गुजरातच्या अकिकाचे मणी. काही अंतरावर, सावलीत, दोरखंडानं बांधलेली माणसं बसली आहेत. तीही व्यापाराच्याच हिशेबात धरलेली आहेत. तिकडे बघणं टाळू नका.

गावाबाहेर, जुन्या मशिदीमागे, ते झाड उभं आहे. स्थानिक लोक त्याला म्बुयु म्हणतात. बुंध्यावर हात ठेवा. साल जाड आहे, आतून तंतुमय. कुणीतरी कमरेइतक्या उंचीपर्यंत ती सोलून नेली आहे, दोर वळण्यासाठी. दुसरं झाड असतं तर एव्हाना मेलं असतं. याची साल पुन्हा येते. वर जुने व्रण आहेत, त्यांवर नवी साल, तिच्यावर पुन्हा सोलल्याच्या खुणा. किती पिढ्यांनी या एका बुंध्यातून दोर नेले, ते मोजत बसू नका. खोडातल्या वर्तुळांवरून वयही नीट मोजता येत नाही, कारण खोड आतून पोकळ होत जातं आणि वर्तुळं पुसट असतात. पुढे विज्ञान कार्बनवरून वय काढेल आणि झिम्बाब्वेतलं पांके नावाचं एक झाड सुमारे २,४५० वर्षांचं निघेल. सातवाहनांच्याही आधीचं.

दिवस मावळेपर्यंत इथेच बसा. फुलोऱ्याचे दिवस आहेत. लांब देठांवर कळ्या उलट्या लोंबताहेत. अंधार पडू लागतो तसं पहिली कळी फुटते. पाकळ्या मागे वळतात, पांढऱ्या, जाडसर, तळहाताएवढ्या, आणि मध्ये पुंकेसरांचा मोठा झुपका लोंबतो. तासाभरात झाडावर ठिकठिकाणी फुलं उमलतात. वास तुम्हाला आवडणार नाही. थोडा कुबट, आंबूस. तो तुमच्यासाठी नाहीच. वर फडफड ऐकू येते. वटवाघळं आली. ती फुलाला मिठी मारतात, मध चाटतात, तोंड परागानं माखून पुढच्या फुलाकडे जातात. उद्या दुपारपर्यंत ही फुलं मलूल होतील, तपकिरी पडतील, गळतील. एका रात्रीपुरतं फूल आणि हजार-दोन हजार वर्षांचं झाड, दोन्ही एकाच खोडावर.

आता काही महिने पुढे सरका. पानं गेली आहेत, फळं राहिली आहेत. दुधी भोपळ्यासारखं लांबोडकं, वर हिरवट-करडी मखमल. एक फळ दगडावर आपटा. कवच तडकतं. आत रस नाही, हेच त्याचं वेगळेपण. पिकता पिकता गर झाडावरच सुकतो आणि पांढऱ्या, पिठूळ ठोकळ्यांचा होतो. लालसर रेषांत गुंतलेला, प्रत्येक ठोकळ्याच्या पोटात एक काळपट बी. तुकडा जिभेवर ठेवा. आधी पीठ, मग आंबट, मग किंचित गोड.

ही चव तुम्हाला ओळखीची आहे. दुपारच्या आमटीतला आंबटपणा आठवा. चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची, तुमची भाकरी ज्या नाचणीची होती तीही आफ्रिकेचीच, आणि देशावरची ज्वारी-बाजरीही. ही पिकं हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली आणि इतकी आपली झाली की त्यांचं माहेर कुणी विचारत नाही. ज्या खंडाला आपण परका समजतो त्याचं अन्न आपण रोज सकाळ-संध्याकाळ खातो. कोकणातल्या शेतकऱ्याला मला हे सांगावंसं वाटतं, आणि शहरातल्या माणसाला तर जास्तच.

सुकलेला गर महिनोन् महिने टिकतो. पाण्यात कालवला की सरबत होतं. लिंबा-संत्र्यापेक्षा त्यात क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं. २००८ मध्ये युरोपीय संघ त्याला नवं खाद्य म्हणून परवानगी देईल आणि त्याची भुकटी लंडनच्या दुकानांत महागड्या पुड्यांतून विकली जाईल. मोंबासाच्या धक्क्यावर आज तो कुणी विकत घेत नाही. पोरं चोखत हिंडतात. लांबच्या सफरीवर निघालेल्या खलाशासाठी याहून सोयीचा शिधा कुठला? वजनाला हलका, आतल्या आत बंद, कवच फोडेपर्यंत न नासणारा.

एप्रिल उजाडला. वारा फिरला आहे. जे गलबत इतके दिवस या बंदरात अडकून होतं ते आता ईशान्येला निघेल. काथ्यानं शिवलेल्या फळ्यांचं गलबत, एकही खिळा नाही. तुम्ही चढा.

शिडाच्या सावलीत खलाशी आहेत. तळात, हस्तिदंताच्या शेजारी, माणसं आहेत. त्यांत एक बाई. ती किनाऱ्यावरची नाही. आतून, बऱ्याच दिवसांच्या वाटेवरून तिला इथवर चालवत आणलं आहे. कुणीतरी दिलेला गर ती चोखते आणि बिया थुंकत नाही. एकेक बी काढून ती वस्त्राच्या टोकात बांधते. ही बाई मी कल्पिली आहे, हे तुम्हाला सांगायलाच हवं. कोणत्याही कागदात ती नाही. पण ज्या कागदांत सुलतान, नाखवे आणि जकातीचे आकडे आहेत, त्यांत ती कुठून असणार? कदाचित बिया तिच्याऐवजी स्वयंपाक्याच्या पिशवीत असतील, एखाद्या हबशी शिपायाच्या कमरपट्ट्यात असतील, अरब व्यापाऱ्यानं आवडीनं नेलेल्या फळांत असतील. फळ पाण्यावर तरंगतं; गुजरातच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार तर पुढे ही सुकी फळं जाळ्यांना बोया म्हणून बांधत. पण लाटांवर भरकटत आलेल्या फळानं किल्ल्याच्या, मठाच्या, जुन्या बंदराच्या शेजारीच नेमकं रुजावं असं होत नाही. कुणीतरी पेरलं.

दिवसामागून दिवस पाणी. वाट नवी नाही. नाखव्याला तारे पाठ आहेत. थोड्याच वर्षांनी, १४९८ मध्ये, वास्को द गामा याच किनाऱ्यावरच्या मालिंदीहून एक माहितगार वाटाड्या घेईल आणि तीन आठवड्यांच्या आत-बाहेर मलबारला पोचेल, आणि जगाच्या पुस्तकांत लिहिलं जाईल की त्यानं वाट शोधली. तुम्ही त्याच्या आधी त्याच वाटेवर आहात, आणि तुमच्या पायाशी बियांची एक गाठ आहे.

एका पहाटे सह्याद्रीची निळी रेघ दिसते. गलबत चौलला जाणार आहे. राजपुरीची खाडी उजवीकडे येते, तिच्या तोंडाशी मेढेकोटाचं बेट. दिघीच्या टेकड्यांवर करवंदं पिकली असतील. पावसाळा तोंडावर आला आहे आणि नाखवा घाईत आहे.

आता जरा थांबून हिशेब मांडू, कारण इथवर कल्पनेनं आणलं तरी पुढचं पाऊल पुराव्याचं आहे. २०१५ मध्ये कॅरन बेल, हरिप्रिया रंगन, ख्रिश्चन कुल आणि डॅनियल मर्फी या चौघांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आफ्रिका, भारत, मस्करेन बेटं आणि मलेशिया इथल्या गोरखचिंचांचे जनुक त्यांनी तपासले आणि ते माणसांच्या ये-जा करण्याच्या इतिहासाशी ताडून पाहिले. निघालं ते असं: भारतात हे झाड एकदा नव्हे, अनेकदा आलं, आणि समजलं जात होतं त्यापेक्षा फार मोठ्या काळात आलं. आग्नेय भारतातल्या झाडांचं नातं पश्चिम आफ्रिकेशी; ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतींच्या वाटेनं आलेली. आपल्या पश्चिम आणि मध्य भारतातल्या झाडांचं आफ्रिकेतलं सर्वांत जवळचं नातं मात्र मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्याशी. आणि झांबेझी व किल्वा या भागांतल्या झाडांत वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ सापडली. आतल्या मुलखांतून गुलाम म्हणून हाकत आणलेल्या माणसांच्या वाटा या सरमिसळीत दिसत असाव्यात, असं त्यांनी लिहिलं आहे. बंदी माणसांना जिथे थांबवलं, विकलं, गलबतात भरलं, तिथे झाडंही मिसळली.

हे वाचल्यावर जंजिऱ्याकडे पुन्हा एकदा बघा. हबशी म्हणजे अबिसिनियाचा, असं आपण म्हणत आलो, आणि सरदारांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण अबिसिनियाच्या उंच, थंड पठारावर गोरखचिंच वाढत नाही. ती खालच्या कोरड्या रानांची. आपल्या किनाऱ्यामागची झाडं बोट दाखवतात ती मोंबासा-झांझिबारच्या किनाऱ्याकडे. म्हणजे बखरींत आणि कबरींवर ज्यांची नावं आहेत त्यांच्याखेरीजही माणसं आली. खलाशी आले, स्वयंपाकी आले, विकलेल्या बायका आल्या, तोफेत दारू ठासणारे आले. त्यांचा कागद नाही, दगड नाही. झाड आहे. माझ्या लेखी गोरखचिंच ही त्या माणसांची नोंद आहे, आणि शेकडो वर्षं पानं-फुलं घेऊन दरवर्षी नव्यानं केलेली नोंद आहे.

भरती लागली. आता वर्षं पुढे धावतील.

बी पेरलं जातं, पण लगेच उगवत नाही. कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. आफ्रिकेत हत्ती किंवा माकडं फळ खातात तेव्हा त्यांच्या पोटातून जाताना ते मऊ होतं. इथे कुणाच्या शेकोटीची आंच लागली असेल, किंवा दोन-तीन पावसाळे नुसतं पडून राहिलं असेल. रोप वर येतं तेव्हा कुणी ओळखत नाही. लहान रोपाची पानं साधी, एकेकटी असतात. बोटांसारखी पाच-सात दलांची पानं नंतर येतात. बुंधाही सडपातळ असतो. धो धो पावसात ते उभं राहतं, मुळाशी पाणी साचत नसेल तर. उतारावरचा जांभा त्याला चालतो, वाफ्यातला चिखल चालत नाही. थंडी सरता सरता ते पानं टाकतं आणि गावातले लोक म्हणतात, मेलं. मृगाच्या तोंडावर पालवी फुटते.

आणि मग भारतातली वटवाघळं त्याच्याकडे येऊ लागतात. या गोष्टीनं मी दरवेळी हरखून जातो. पावसाळ्यातल्या संध्याकाळी पांढरं फूल उमलतं, आणि ज्यानं ते फूल पिढ्यान् पिढ्यांत पाहिलेलं नाही ते आपलं मोठं वटवाघूळ पहिल्याच भेटीत त्याचं काम ओळखतं.

माणसांनीही त्याला आपलंसं केलं. गोरखनाथाशी त्याचं नातं जोडलं. मांडूला ती खुरासानी इमली झाली. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातल्या अजस्र बुंध्याला हैदराबादकर हत्तियान म्हणतात. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातल्या सावनूरला मठाच्या आवारात तीन आहेत, विजापुरात आहे. कुठे त्याला दोरे बांधतात, कुठे त्याच्या सावलीत पीर आहे. गर औषधाला जातो; तापात, जुलाबात, पोटाच्या जळजळीत गावचे वैदू तो पाण्यात कालवून देतात.

वसईला थांबा. १७३९. चिमाजी आप्पांचं निशाण तटावर चढतं आहे. पोर्तुगीज जात आहेत. राज्यं या किनाऱ्यावर अशी येतात आणि जातात. आज त्या किल्ल्यात गेलात तर बऱ्याच चर्चच्या भिंतींना छत उरलेलं नाही आणि गोरखचिंचा उभ्या आहेत.

अजून पुढे. मे २०२२, मुंबई, सांताक्रूझ पश्चिम. रहदारीच्या रस्त्याच्या कडेला सुमारे तीनशे वर्षांचा मानला गेलेला बाओबाब आहे. म्हणजे संभाजीराजांचा सेतू अर्धा राहिला त्यानंतर काही दशकांनी त्याचं बी पडलं असेल. मेट्रो २ब च्या कामात तो आड येतो. आसपासचे लोक विरोध करतात, पत्रं लिहितात. आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्यानं कायद्यात बदल करून पन्नास वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आहे. तरी करवत चालते. बुंधा कापला जातो तेव्हा आतलं लाकूड मऊ, ओलसर, दोऱ्यादोऱ्यांचं असतं; पाणी साठवायलाच ते घडलेलं असतं. मेट्रो हवी, यात वाद नाही. तीनशे वर्षांचं झाड मात्र निविदा काढून पुन्हा मिळत नाही, आणि त्याबरोबर गेलेली नोंद तर अजिबातच नाही.

तिकडे त्याच्या माहेरीही सगळं ठीक नाही. २०१८ मध्ये एड्रियन पॅट्रूट आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या तेरा बाओबाबांपैकी नऊ, गेल्या बारा वर्षांत, पूर्णतः किंवा अंशतः मेले. पांकेही त्यांतलाच. अडीच हजार वर्षं जे दुष्काळ त्यानं सोसले, त्यांच्याहून वेगळं काहीतरी आता घडतं आहे; वाढती उष्णता आणि कोरडेपणा यांचा त्यात हात असावा, असं संशोधकांना वाटतं. म्हणून भारतातल्या जुन्या झाडांची किंमत वाढते. आपल्याकडच्या झाडांत जनुकांची काही रूपं अशी सापडली आहेत जी २०१५ च्या त्या अभ्यासातल्या आफ्रिकी झाडांत मिळाली नाहीत. जे वाण तिथे दिसलं नाही ते आपल्या एखाद्या पडक्या किल्ल्यात, कुंपणाविना, उभं असेल.

भरती पूर्ण होत आली. तुम्ही पुन्हा दिघीत आहात, पण थांबू नका. हे पाणी तुम्हाला पुढे, न आलेल्या वर्षांत नेऊ शकतं. त्यासाठी मात्र हातानं काम करावं लागेल.

वसईच्या किल्ल्यात हिवाळ्याच्या शेवटी जमिनीवर पडलेलं फळ शोधा. फोडा, गर खा, बिया ठेवा. कढत पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्या, किंवा कवच कानशीनं थोडं घासा. सगळ्या उगवणार नाहीत, म्हणून जास्त घ्या. पहिला पावसाळा रोप पिशवीतच वाढू द्या. दुसऱ्या वर्षी, मृगाआधी, दिघीच्या टेकडीवर जागा निवडा: उतार हवा, पाणी निथळणारा जांभा हवा, आणि भोवती मोकळं हवं, कारण याला पुढे फार जागा लागणार आहे. घराच्या भिंतीजवळ लावू नका, विजेच्या तारांखाली लावू नका, रस्ता रुंद होऊ शकेल अशा कडेला तर मुळीच नको. ग्रामपंचायतीच्या दप्तरात झाडाची नोंद करून घ्या: जात, जागा, लावल्याचं साल आणि लावणाऱ्याचं नाव. शाळेतल्या मुलांना ते दाखवा आणि मोंबासा नकाशावर कुठे आहे तेही दाखवा. पहिली फुलं यायला दहा वर्षं लागतील, कदाचित वीस. तोवर कुंपण पक्कं असू द्या. कोवळी पानं भाजी म्हणून आफ्रिकेत माणसं खातात, आणि शेळ्यांना ती त्याहून जास्त आवडतात.